एकतीस गोष्टींची गाठ

पत्र: "कापसाच्या जिनिंगमध्ये हिशेब बघतो. सीझन संपला, आता संध्याकाळ मोकळी असते. संभाजीनगरला शिकणाऱ्या मुलीनं विज्ञानकथा आणि अद्भुतकथांचा जाडजूड संग्रह हातात दिला. 31 गोष्टी, 430 पानं, बहुतेक अनुवाद. मला सवय ऐतिहासिक कादंबऱ्यांची आणि रहस्यकथांची. रविवारी बसलो की सहा-सहा गोष्टी ओढतो, आणि सोमवारी कुठला ग्रह कुठल्या गोष्टीतला ते सांगता येत नाही. वाचायलोय खरं, पण डोक्यात काही राहीना गेलंय. निम्मे शब्द अडतात. एक गोष्ट तर अशी संपली की पानं गळाली की काय असं वाटलं. बायको म्हणते, 'या वयात भुताखेताचं काय वाचायलात?' पंधरा दिवसांनी मुलगी येईल अन् विचारील, कसं वाटलं. विज्ञान माझं दहावीपुरतं. हे पुस्तक माझ्यासाठी नाहीच का?" (एक हिशेबनीस, गेवराई)

उत्तर:

नमस्कार.

पुस्तक तुमच्यासाठीच आहे. दहावीच्या विज्ञानाला बोल लावू नका, घोळ सगळा रविवारचा आहे.

रहस्यकथा सलग सहा वाचता येतात, कारण सहाही गोष्टींत पैसा तो पैसाच असतो, रात्रीनंतर सकाळच होते आणि मेलेला माणूस मेलेलाच राहतो. विज्ञानकथेत यातलं काहीच गृहीत धरता येत नाही. प्रत्येक गोष्टीला डोक्यातलं घर रिकामं करून नव्यानं मांडावं लागतं. इथं दिवस किती तासांचा, माणसं किती वर्षं जगतात, हुकूम कुणाचा चालतो, जनावरं बोलतात का. या मांडामांडीनं डोकं दमतं. तिसऱ्या-चौथ्या गोष्टीला ते नवं घर मांडतच नाही, जुन्याच घरात नवी माणसं घुसवतं. मग पहिल्या गोष्टीतला ग्रह चौथीच्या गळ्यात पडतो.

शिवाय या गोष्टी अशा ओळीनं वाचण्यासाठी लिहिलेल्याच नव्हत्या. केवळ विज्ञानकथांना वाहिलेलं 'अमेझिंग स्टोरीज' हे मासिक ह्यूगो गर्न्सबॅक यांनी एप्रिल 1926 मध्ये अमेरिकेत काढलं, आणि पुढची कित्येक वर्षं तिकडची विज्ञानकथा मासिकांतच वाढली. वाचकाला महिन्याला एक अंक मिळायचा. आपल्याकडं का. र. मित्र यांच्या 'मनोरंजन'नं 1909 मध्ये दिवाळी अंकाची प्रथा पाडली, आणि मराठी विज्ञानकथाही बरीचशी मासिकांतून आणि दिवाळी अंकांतूनच लोकांपर्यंत गेली. कविता, व्यंगचित्रं, राशिभविष्य आणि मध्येच एखादं अवकाशयान. दोन गोष्टींमध्ये मोकळी हवा असायची. संग्रह करताना ती हवा काढून टाकतात. तुम्हाला हे जास्त चांगलं कळेल. सैल रुई प्रेसमध्ये दाबून 170 किलोची गाठ बांधतात ती ने-आणीच्या सोयीसाठी. सूतगिरणीत गेल्यावर पहिलं काम गाठ फोडायचंच असतं.

तेव्हा आधी अनुक्रमणिकेवर पेन्सिल घेऊन बसा. प्रत्येक गोष्टीपुढं तिची पानं लिहा: पुढच्या गोष्टीचं पान वजा या गोष्टीचं पान. 430 भागिले 31 म्हणजे सरासरी 14 पानं, पण सरासरीला इथं काही अर्थ नाही. एखादी तीन पानांची निघेल, एखादी साठची. विज्ञानकथा-अद्भुतकथांसाठीच्या 'ह्यूगो' पुरस्कारांत 7,500 शब्दांच्या आतली ती लघुकथा, 17,500 पर्यंतची दीर्घकथा आणि 40,000 पर्यंतची लघुकादंबरी, असे भाग पाडलेले आहेत. मराठी पानावर साधारण 250 शब्द धरले तर पहिली हद्द 30 पानांची, दुसरी 70 ची. अनुवादाचं पुस्तक असलं की हे तिन्ही प्रकार एकाच यादीत शेजारी शेजारी येऊन बसतात आणि नावावरून ओळखू येत नाहीत. तुम्ही साठ पानांची गोष्ट रात्री साडेदहाला सुरू केली असेल, तर तिथंच निम्मा डाव गेला.

मग स्वतःचा वेग मोजा. एखाद्या सोप्या गोष्टीची दहा मिनिटं वाचा आणि पानं मोजा. दहा मिनिटांत सहा पानं झाली तर 14 पानांच्या गोष्टीला 23-24 मिनिटं लागतील. एका संध्याकाळी एकच गोष्ट. पंधरा दिवसांत आठ ते बारा पानांच्या आठ गोष्टी झाल्या तरी मुलीशी बोलायला पुष्कळ. तीन पानांच्या गोष्टींनी मात्र सुरुवात करू नका. त्या दिसायला सोप्या, पण त्यांत लेखकानं काहीच समजावून सांगितलेलं नसतं. वाचकाला या प्रकाराची सगळी रीत ठाऊक आहे असं धरून त्या लिहिलेल्या असतात. तीस पानांच्या वरच्या गोष्टी सध्या बाजूला ठेवा. क्रम पाळायचं बंधन नाही. फक्त सगळ्या गोष्टी एकाच लेखकाच्या असतील आणि त्यांतली माणसं पुन्हा पुन्हा येत असतील, तर तेवढ्यापुरता क्रम सोडू नका.

आता खरं काम. या प्रकारात अडचण येते ती पहिल्या दोन पानांत, आणि बहुतेक वाचक इथंच पुस्तक मिटतात. उदाहरणासाठी एक सुरुवात बनवून देतो:

"विहिरीचा हप्ता आईनं यंदा भरलाच नाही. त्यामुळं मंगळवारी सकाळी पाणी आमच्याशी बोलायचं थांबलं. आजोबा मात्र खूश होते. आता निदान रात्री झोप लागेल, म्हणाले."

घाईनं वाचणारा दुसऱ्या वाक्याला अडखळतो, 'पाणी कसं बोलेल?' असं स्वतःशी म्हणतो आणि लेखक ते समजावून सांगेल याची वाट बघत बसतो. लेखक सांगत नाही. वाचक वैतागतो. पण चार वाक्यांत किती माल उतरवलाय तो बघा. 'बोलायचं थांबलं' म्हणजे आजवर बोलत होतं, आणि त्याचं घरात कुणाला नवल नव्हतं. या जगात पाणी बोलणं हे नळाला पाणी येण्याइतकंच रोजचं. 'हप्ता' म्हणजे ते फुकट नाही. कुणीतरी वसुली करतं आणि थकलं की तोडतं. 'यंदा' म्हणजे हप्ता वर्षाचा, आणि 'भरलाच नाही'मधला 'च' सांगतो की आईनं तो विसरून नाही, ठरवून चुकवला. आजोबा खूश आहेत, म्हणजे पाणी रात्रीसुद्धा बोलायचं आणि निदान एका माणसाला त्याचा जाच होता. या चार गोष्टी कुणी तुम्हाला सांगितल्या नाहीत, वाक्याच्या बांधणीतून तुम्ही काढल्या. या प्रकारातली अर्धी मजा हीच. वाचलेली पोथी आणि न वाचलेली पोथी यात जसा फरक, तसा हा उतारा पहिल्यांदा आणि दुसऱ्यांदा वाचण्यात पडतो.

म्हणून पहिली दोन पानं दोनदा वाचा. जास्तीची तीन-साडेतीन मिनिटं जातात, बाकी काही नाही. पहिल्या खेपेला न थांबता जायचं, न कळलेलं तसंच सोडायचं. दुसऱ्या खेपेला एकच प्रश्न विचारायचा: आपल्या जगापेक्षा इथं वेगळं काय आहे? नुसतं वेगळं नको, त्या माणसांना नवल न वाटता वेगळं. गोष्टीतल्या पात्राला ज्याचं आश्चर्य वाटतं ती घटना. ज्याचं आश्चर्य वाटत नाही, ते त्या जगाचे नेमनियम. हे दोन वेगळे काढता आले की गोष्ट हाताशी येते.

याच सुरुवातीवरून विज्ञानकथा आणि अद्भुतकथा यांतला फरकही दाखवता येतो. हप्ता कुणाला देणं आहे ते बघा. तिसऱ्या पानावर कंपनीचा माणूस शिडी लावून विहिरीत उतरला आणि काठावरून काहीतरी उपकरण काढून घेऊन गेला, तर विज्ञानकथा. गावाबाहेरच्या बाभळीखाली बसणाऱ्या म्हातारीकडं अमावास्येला सात मुठी जोंधळा पोहोचवायचा होता आणि तो पोहोचला नाही, तर अद्भुतकथा. पहिल्या प्रकारात 'हे चालतं कसं?' असा प्रश्न विचारण्याची मुभा असते, आणि चांगला लेखक त्याचं उत्तर अंगावर न टाकता कुठंतरी पेरून ठेवतो. दुसऱ्यात तो प्रश्न विचारायचा नाही. तिथं विचारायचं, 'नियम काय आहे आणि मोडला तर काय होतं?' सात मुठीच का, हे विचारून उपयोग नाही. सहा दिल्या तर काय, हे विचारा. तुमच्या पुस्तकात दोन्ही प्रकार मिसळलेत. चुकीचा प्रश्न चुकीच्या गोष्टीला विचारला की ती गोष्ट खोटी वाटू लागते. लोक ज्याला 'काहीच्या काही' म्हणतात ते पुष्कळदा एवढंच असतं.

तुमच्या धंद्याचं एक हत्यार इथं फार कामाला येईल. प्रत्येक गोष्टीची एका ओळीची खतावणी ठेवा. जमेला: काय मिळालं किंवा काय बदललं. नावे: त्याची किंमत कुणी आणि कशी दिली. वरच्या सुरुवातीत जमेला 'पाणी गप्प झालं, आजोबांना झोप', नावे अजून कोरी. ती नावेची बाजू कशी भरते तेच पुढची बारा पानं सांगणार. गोष्टीत एखादी अचाट शक्ती फुकट मिळाली आणि शेवटपर्यंत नावे काहीच पडलं नाही, तर गोष्ट कच्ची समजा. तुमच्या समजुतीत काही कमी नाही.

याचा उत्तम नमुना बघायला परदेशात जायची गरज नाही, गेवराईहून गोदाकाठानं वर पैठणला जा. सातवाहनांच्या दरबारातला गुणाढ्य आणि त्याची 'बृहत्कथा' हे नाव तुम्ही ऐकलं असेल. मूळ ग्रंथ आज नाही, पण अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं लिहिलेल्या 'कथासरित्सागरा'त त्या ग्रंथाच्या जन्माची कथा आहे. राजाला संस्कृत शिकायचंय. गुणाढ्य म्हणतो, सहा वर्षांत शिकवतो. दरबारातलाच दुसरा पंडित शर्ववर्मा म्हणतो, सहा महिन्यांत. गुणाढ्य पैज लावतो: हे जमलं तर संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषा मी सोडीन. शर्ववर्म्याला जमतं. गुणाढ्याच्या तिन्ही भाषा जातात आणि हाती उरते पिशाचांची भाषा. त्या भाषेत तो सात लाख श्लोकांची कथा लिहितो, शाई मिळत नाही म्हणून स्वतःच्या रक्तानं. राजा ती भाषा ऐकून नाक मुरडतो. मग गुणाढ्य डोंगरावर अग्नी पेटवतो आणि एकेक पान मोठ्यानं वाचून त्यात टाकत जातो. रानातली जनावरं चरायची सोडून डोळ्यांत पाणी आणून ऐकत उभी राहतात. इकडं राजा आजारी पडतो, कारण त्याच्या मुदपाकखान्यात येणारं मांस सुकलेलं, जनावरांनी खाणंच सोडलेलं! चौकशी करत राजा डोंगरावर पोहोचतो तेव्हा सहा लाख श्लोक जळालेले, एक लाख उरलेले.

खतावणी मांडून बघा. पैज, भाषा, रक्त, आग, उपाशी जनावरं, आजारी राजा: एक नोंद दुसरीवर टाकलेली, मध्ये कुठं शिल्लक जुळत नाही असं नाही. राजाच्या तोंडचा अवमान फिरून राजाच्या ताटातच येतो. जनावरांना पिशाचांची भाषा कशी कळली, असं कुणी विचारत नाही. विचारावंसं वाटतच नाही, इतकी बाकीची जुळणी पक्की आहे. त्याच ग्रंथात सोमप्रभा नावाची मयासुराची मुलगी आपल्या मैत्रिणीकडं करंडीभर लाकडी यांत्रिक बाहुल्या घेऊन येते, कळ दाबली की हालचाल करणाऱ्या. यंत्रमानवाचं नवल वाटायला लागलं की ही करंडी आठवा.

शब्दांच्या अडचणीकडं येतो. न कळणारे शब्द तीन जातींचे असतात आणि तिन्हींना वेगळी वागणूक द्यायची. एक, लेखकानं स्वतः घडवलेले. ते शब्दकोशात नाहीतच. तीन वेळा येऊ द्या, वापरावरून कळतात, जसा नव्या गावात 'थोरल्या पाराजवळ' म्हणजे कुठं हे दोन दिवसांत कळतं. दुसरी जात अनुवादकाची. एकाच इंग्रजी शब्दाला कुणी 'अंतराळ' म्हणतं, कुणी 'अवकाश'. एक 'रोबो' तसाच ठेवतो, दुसरा 'यंत्रमानव' लिहितो. तो वेगळा प्राणी नाही. ('रोबो'ची गंमत अशी की कारेल चापेक या चेक लेखकाच्या 1920 च्या नाटकातून तो जगभर गेला, आणि मूळ चेक शब्दाचा अर्थ आपल्या 'वेठबिगारी'च्या अगदी जवळचा आहे. त्या नाटकातले रोबो लोखंडाचे नव्हतेच.) एखादं वाक्य तीनदा वाचूनही सुटलं नाही तर इंग्रजीची बांधणी तशीच उतरली असेल. पुढं जा, त्याच्यावर संध्याकाळ घालवू नका.

तिसरी जात खऱ्या विज्ञानाची. इथं लागणारं भांडवल फार थोडं आहे. प्रकाश सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर जातो आणि त्याच्यापेक्षा वेगानं काही जात नाही. सूर्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला आठ मिनिटं वीस सेकंद लागतात, सूर्य सोडून सर्वांत जवळच्या ताऱ्याचा यायला सव्वाचार वर्षं. म्हणजे तिकडं गेलेल्या माणसाला 'पोहोचलास का?' विचारलं तर उत्तर साडेआठ वर्षांनी. निरोपाला लागणारी ही वाट कित्येक गोष्टींचा कणा आहे. मंगळावरसुद्धा निरोप जायला तीन ते बावीस मिनिटं लागतात, त्यामुळं मंगळावरच्या माणसाला फोनवर भांडता येत नाही. दुसरं, अवकाशस्थानकात माणसं तरंगतात ती तिथं गुरुत्वाकर्षण नसतं म्हणून नव्हे. चारशे किलोमीटर उंचीवर ते जमिनीवरच्या जवळजवळ नव्वद टक्के असतंच. स्थानक आणि माणूस दोघं एकत्र पडतच असतात, म्हणून वजन जाणवत नाही. तिसरं, काळ सगळीकडं एका वेगानं चालत नाही. वेगात असलेलं किंवा जड वस्तूजवळचं घड्याळ मागं पडतं. ही नुसती कल्पना नाही. फोनला रस्ता दाखवणाऱ्या जीपीएस उपग्रहांवरची घड्याळं वेगात असली तरी पृथ्वीपासून दूर असल्यानं जमिनीवरच्यापेक्षा दिवसाला सुमारे 38 मायक्रोसेकंद पुढं पळतात, आणि तेवढं वजा केल्याशिवाय नकाशा जुळत नाही. बस. एवढ्यावर पुष्कळ गोष्टी पार पडतात. कृष्णविवराचं गणित लेखकालाही येत असेलच असं नाही.

मूळ गोष्ट कुठल्या साली छापली गेली हे मात्र वाचण्याआधी बघा. पुस्तकाच्या सुरुवातीला स्वामित्वहक्काच्या पानावर किंवा अगदी शेवटी बारीक अक्षरात यादी असते. गोष्टीच्या नावाशेजारी पेन्सिलनं साल टाका. शुक्रावर घनदाट जंगल आणि न थांबणारा पाऊस दिसला तर हसू नका. 1962 च्या डिसेंबरात 'मरिनर 2' यान शुक्राजवळून जाईपर्यंत ढगांखाली काय आहे हे ठामपणे कुणाला सांगता येत नव्हतं. आता माहीत आहे की तिथं साडेचारशे अंशांच्या वर तापमान असतं. मंगळाच्या कालव्यांचंही तसंच. जुलै 1965 मध्ये 'मरिनर 4'नं फोटो पाठवले आणि कालव्यांच्या जागी खड्डे निघाले. अंतराळात जाऊनही कागदावर आकडेमोड करणारे वैमानिक, खिशात फोन नसलेले भविष्यातले लोक, यांचाही उलगडा सालातच असतो. साल न बघता वाचलं की लेखक अडाणी वाटतो, साल बघून वाचलं की त्याची हिंमत दिसते.

संपादकानं प्रत्येक गोष्टीआधी दिलेली टिपणी मात्र नंतर वाचा. अनेकदा ती गोष्टीचा काटाच काढून हातात देते. लेखकाचं नावही, जमलं तर, झाका. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत जयंत नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा 'नारायण विनायक जगताप' या नावानं पाठवली होती, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. पहिलं बक्षीस मिळालं. नावाच्या वजनाशिवाय गोष्ट तोलली जावी ही इच्छा लेखकाला असू शकते, तर वाचकानंही ती पुरी करायला हरकत नाही. अनुवादांनी तोंड विटलं असेल तर मधूनमधून अशी मराठीतच सुचलेली एखादी गोष्ट घ्या. तालुक्याच्या वाचनालयात नारळीकर मिळतातच.

आता त्या 'पानं गळालेल्या' गोष्टीचं. आधी खरंच गळाली नाहीत ना, ते बघून टाका. पुस्तक 16 पानांच्या फर्म्यांनी बांधलेलं असतं. बांधणीत चूक झाली तर एखादं-दुसरं पान जात नाही, पुरता फर्मा जातो, किंवा एकच फर्मा दोनदा लागतो. पानांचे आकडे तपासा. 208 नंतर एकदम 225 आलं तर पुस्तक दुकानात परत द्या, बदलून मागा. आकडे ओळीनं असतील तर शेवट तोच आहे, आणि लेखकानं तो तिथंच तोडलाय.

अशा वेळी पुढच्या गोष्टीकडं वळू नका, मागं वळा. शेवटची ओळ वाचून लगेच पहिलं अर्धं पान पुन्हा वाचायचं. आपल्या विहिरीच्या गोष्टीचा शेवट समजा असा आहे: आई अखेर हप्ता भरते, पाणी पुन्हा बोलू लागतं, आणि पहिलाच शब्द म्हणून आजीचं नाव घेतं. संपलं. आजी कोण, कुठं गेली, काही नाही. पानं गळाल्यासारखंच वाटेल. पण पहिल्या परिच्छेदावर या: 'आता निदान रात्री झोप लागेल.' पाणी रोज रात्री आजोबांशी काय बोलत होतं, आणि म्हाताऱ्याला झोप का लागत नव्हती, हे आता कळतं. आईनं हप्ता ठरवून का चुकवला, तेही. हे सगळं पहिल्या चार ओळींतच होतं, तुमच्याकडं तेव्हा किल्ली नव्हती. या प्रकारातल्या पुष्कळ चांगल्या गोष्टींचा शेवट सुरुवातीत पुरलेला असतो. दोन मिनिटांचं काम आहे, आणि सलग सहा गोष्टी ओढणाऱ्याच्या हातून नेमकं तेच सुटतं.

मागं वळूनही काही हाती लागलं नाही तर गोष्टीवर फुली मारा. एकतीसपैकी आठ-दहा आवडणार नाहीत, ती संग्रहाची जातच आहे. निवडणाऱ्यानं निरनिराळ्या तोंडांसाठी वाढलेलं असतं. पाच पानं होऊनही 'वेगळं काय आहे' याचं उत्तर मिळालं नाही तर सोडा आणि समासात 'पुन्हा' लिहा. कळतंय पण कंटाळा येतोय, असं असेल तर 'पुन्हा'सुद्धा लिहायची गरज नाही.

बायकोच्या टोमण्यावर वाद घालू नका, वाचून दाखवा. दहा पानांच्या आतली, कमी नावं असलेली अद्भुतकथा निवडा. मोठ्यानं वाचताना मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात, म्हणजे दहा पानांना वीस ते पंचवीस मिनिटं, सूपभर शेंगा फोडून होतात तेवढी. परदेशी नावं जड जात असतील तर वाचण्याआधी मनाशी छोटी करून घ्या, पण मध्येच बदलू नका, ऐकणाऱ्याचा गोंधळ होतो. शेवटून तिसऱ्या पानावर थांबून 'आता काय होईल?' एवढंच विचारा. वारांच्या, व्रतांच्या, आज्या-मावश्यांनी सांगितलेल्या कहाण्या ऐकत वाढलेल्या माणसाला अद्भुतकथेचा नियम आपल्यापेक्षा लवकर सापडतो. आटपाट नगरात उतलास-मातलास तर काय होतं, हे त्यांना पाठ आहे.

राहता राहिली मुलगी. तिला सारांश सांगायला बसू नका, परीक्षा द्यायची नाही. खतावणीची वही पुढं ठेवा, आठ ओळी. तिला सगळ्यात आवडलेली गोष्ट तुम्ही फुली मारलेल्यांत निघाली तर तिची नावेची बाजू तिला भरायला सांगा आणि तुम्ही पहिली दोन पानं पुन्हा उघडा. आणि साठ पानांची ती गोष्ट तिनं तरी पूर्ण केली का, हेही विचारून ठेवा.